नडगीवर आटलेलं तळं: थंडीत कोरड्या त्वचेला घरचं काय लावता?

साळुंकी

थंडी सुरू झाली की माझे हातपाय पांढुरके पडतात, हे दरवर्षीचंच. लहानपणी आम्ही भावंडं नडगीवर नखाने रेघा ओढून फुल्लीगोळा खेळायचो, इतकी छान उमटायची ती पाटी. यंदा मात्र गंमत संपली. दोन्ही नडग्यांवर बारीक चिरांची जाळी पडली आहे. तळं आटल्यावर तळाचा चिखल कसा तडकतो, हुबेहूब तशी. मधल्या खवल्यांच्या कडा उचलल्या गेल्यात, मोजे ओढताना त्यात धागे अडकतात. रात्री पांघरुणात जरा ऊब आली की खाज सुटते, आणि झोपेत खाजवून दोनदा रक्त काढलंय.

मी पहिल्यापासून 'घरचं, नैसर्गिक तेच लावायचं' या पंथातली. आत्तापर्यंत काय काय केलं ते प्रामाणिकपणे लिहिते, हसू नका. आठवड्यातून दोनदा मुलतानी माती आणि गुलाबपाणी. एक दिवसाआड साबणाऐवजी बेसन आणि साय. मध्ये काही दिवस लिंबू-मध. मग कोणीतरी सांगितलं म्हणून निव्वळ ग्लिसरीन, त्याने तर चरचरलं. गेल्या आठवड्यापासून ऑलिव्ह तेल, दुपारी, आठवण होईल तेव्हा. आंघोळ कढत पाण्याने, पंधरा-वीस मिनिटं. थंडीत तेवढं एकच सुख आहे.

एवढं करून त्वचा आधीपेक्षा वाईट. वस्तू चुकताहेत, की माझ्या कातडीतच काही बिघाड आहे? बाटल्यांची नावं नकोत, घरी करता येईल असं सांगा.

गोधडी

जागा धरून ठेवतो. माझ्या टाचांच्या भेगांत पाकीट टाकलं तर ते पोस्ट होईल, अशी परिस्थिती आहे.

पिंपळपान

साळुंकी, तेल कमी पडतंय गं, दुसरं काही नाही. आंघोळीआधी भरपूर तेल चोळ, तासभर मुरू दे, मग गरम पाण्याने न्हा. पस्तीस वर्षं हेच करते आहे, डबीतलं क्रीम कधी अंगाला लागलेलं नाही.

काचपात्र

पिंपळपानताई, अर्ध्याला अनुमोदन. तेल हवं. पण कधी लावायचं, सगळी मेख तिथे आहे. (क्रीम-लोशन तयार करण्याच्या कामात बरीच वर्षं घालवली आहेत, त्यामुळे थोडं लांबण लावतो.)

१९५२ साली आयर्विन ब्लँक या अमेरिकन संशोधकाने एक अगदी साधा प्रयोग छापला. हातापायांना घट्टे पडतात ना, त्या घट्ट्याचे वाळून कडक झालेले तुकडे त्याने घेतले. तेला-चरबीत ठेवले तरी ते कडकच राहिले. पाणी मिळालं तेव्हा मात्र वाकायला लागले. म्हणजे त्वचेला मऊ करतं ते पाणी. तेल त्या पाण्यावरचं झाकण. रिकाम्या भांड्यावर कितीही घट्ट झाकण ठेवा, आत काय राहणार?

त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या, चपट्या पेशींचे एकावर एक पंधरा-वीस पदर. सगळी मिळून जाडी ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर, कागदाहूनही पातळ. पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा: साधारण निम्मे सिरॅमाइड, पाव हिस्सा कोलेस्टेरॉल, बाकी मुख्यतः मेदाम्लं. हा गिलावा त्वचा स्वतःच तयार करते. तो शाबूत असेल तर आतलं पाणी हळूहळू उडतं, खचला की भराभर. या थरातलं पाणी १० टक्क्यांच्या खाली गेलं की तो वाकायचं सोडून तडकतो. तुमच्या नडगीवर तेच झालंय.

आता थंडीच का? ० अंशाची हवा घनमीटरला जेमतेम ५ ग्रॅम वाफ धरू शकते, २० अंशांची साधारण १७ ग्रॅम. बाहेरची गारठलेली हवा घरात येते आणि आपण ती हीटरने तापवतो. तिच्यातली वाफ तेवढीच राहते, भूक मात्र तिप्पट होते. अशा खोलीत आर्द्रता सहज ३० टक्क्यांच्या खाली उतरते, आणि ही भुकेली हवा मिळेल तिथून पाणी ओढते. तुमच्या पायांतूनसुद्धा.

आणि मग आपण कढत पाण्याने गिलावा धुऊन काढतो. भांड्यावरचं तूप कोणत्या पाण्याने लवकर निघतं ते आठवा.

तुमच्या यादीबद्दल. मुलतानी माती आणि बेसन दोन्ही तेल शोषतात, तो त्यांचा गुणच आहे. तेलकट चेहऱ्याला चालेल, तुमच्याकडे शोषायला काही शिल्लक नाही. शिवाय माती वाळून ताणते तेव्हा 'छान घट्ट वाटतंय' असं आपण म्हणतो, तो घट्टपणा म्हणजे पाणी गेल्याची पावती. सायीने नुकसान नाही, पण बेसनात कालवून चोळून धुतली की तिचा उपयोगही नाही.

करायचं एवढंच: कोमट पाणी, पाच-दहा मिनिटांत आटपायचं. अंग खसाखसा पुसायचं नाही, टॉवेलने टिपायचं, थोडी ओल राहू द्यायची. आणि त्या ओलसर अंगावर तीन मिनिटांच्या आत, न्हाणीघराचं दार उघडायच्या आधी, तेल किंवा मलम. दुपारी कोरड्या पायाला तेल लावणं म्हणजे पाणी उडून गेल्यावर झाकण शोधणं.

साळुंकी

बाप रे. म्हणजे मी सकाळी गिलावा खरवडत होते आणि दुपारी तडकलेल्या भिंतीला पॉलिश करत होते.

ग्लिसरीनचं काय चुकलं मग? ते तर पाणी धरतं म्हणतात.

काचपात्र

धरतं, म्हणूनच. ग्लिसरीन पाणी ओढणारं आहे, आणि आजूबाजूची हवा कोरडी असेल तर ते पाणी त्वचेच्या आतल्या थरांतूनच ओढतं. एक भाग ग्लिसरीन, तीन-चार भाग पाणी किंवा गुलाबपाणी असं करून ओल्या अंगाला लावा, आणि लगेच वरून तेल. पाणी ओढणारा खाली, झाकण वर. नुसतं गुलाबपाणी शिंपडून सोडलं तर मिनिटभर गार वाटतं आणि उडून जातं.

चिरांतून रक्त येतंय तोवर ग्लिसरीनही नको, चरचरणारच.

मोरपंखी

लिंबाबद्दल कोणीच कसं बोललं नाही? माझं ऐका. हाताची कोपरं काळवंडलीत म्हणून लिंबाची फोड साखर लावून घासली, वरवर धुतलं आणि उन्हात कपडे वाळत घालायला गेले. दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत ओघळाच्या आकाराचे लाल चट्टे, आग आग. फोड आले, बसले, आणि मागे तपकिरी डाग राहिले ते कित्येक महिने. जिथे जिथे रस ओघळला होता तिथे तिथेच. जणू कोणी ब्रशने रंगवलं होतं.

त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, "लिंबू लावून उन्हात गेला होतात का?" लिंबाच्या रसा-सालीत फ्युरोकूमारिन नावाची द्रव्यं असतात, ती अंगावर असताना ऊन लागलं की त्वचा भाजते. आणि ऊन नसलं तरी लिंबाच्या रसाचा सामू (pH, जितका कमी तितकं आंबट) २ च्या आसपास असतो, त्वचेचा ५ च्या. चिरा पडलेल्या नडगीवर लिंबू! वाचूनच अंगावर काटा आला.

गोधडी

कोपरं गोरी करायला गेलात आणि हातावर नदीखोरी उमटवून आलात. (माफ करा. सहानुभूती आहे, खरंच.)

पिंपळपान

लिंबू मलाही पटत नाही. पण काचपात्र, तुम्ही तेलाचं नाव नाही सांगितलंत. सगळी तेलं सारखी का?

काचपात्र

अजिबात नाहीत, आणि इथे माझाही एक समज मोडला होता. ऑलिव्ह तेल मी वर्षानुवर्षं सुचवत असे. २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १९ प्रौढ स्वयंसेवक, दिवसातून दोनदा सहा-सहा थेंब हातावर, चार-पाच आठवडे. ऑलिव्ह तेल लावलेल्या हातावर त्वचेचा अडसर, म्हणजे तीच विटा-गिलाव्याची भिंत, कमजोर झाला, काहींना लालीही आली. सूर्यफुलाच्या तेलाने तसं काही केलं नाही, उलट ओलावा वाढला. प्रयोग लहान आहे, पण कारण पटण्यासारखं आहे. ऑलिव्हमध्ये ओलेइक आम्ल हे मेदाम्ल ५५ ते ८३ टक्के, आणि ते गिलाव्याची घडी विस्कटतं. सूर्यफुलात लिनोलेइक आम्ल जास्त, जे सिरॅमाइड बनवायला त्वचेला लागतंच.

एक पाचर आहे. सूर्यफुलाचं 'हाय ओलेइक' तेलही मिळतं, ते तळणीत चांगलं टिकतं. त्वचेला ते नको. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा.

खोबरेल: २००४ सालचा एक प्रयोग आहे, कोरड्या त्वचेची ३४ माणसं, पायांना दिवसातून दोनदा, दोन आठवडे. खोबरेल आणि खनिज तेल दोन्ही सारखीच उपयोगी पडली. तेव्हा हातापायांना खुशाल लावा. चेहऱ्याला मुरुमं येत असतील तर मात्र जपून. तीळतेलात ओलेइक आणि लिनोलेइक जवळपास समसमान, मधलं काम आहे. मोहरीचं तेल तडकलेल्या त्वचेला नको, त्यातला झणका नाकाला झोंबतो तसाच चिरांनाही झोंबतो.

साळुंकी, ऑलिव्ह स्वयंपाकघरात परत पाठवा.

निवृत्त_माणूस

वय ७३. दोन वाक्यं माझीही. सत्तरी ओलांडल्यावर पाय असे झाले की वहाणेचं चामडं बरं. डॉक्टर म्हणाले, साबण फक्त काखेत, जांघेत आणि तळपायांना. बाकी अंगाला पाणी पुरे. मला ते अस्वच्छ वाटलं, बायकोलाही. महिन्याभरात खाज निम्म्यावर आली. नडग्यांवर मुळातच तेलग्रंथी कमी, आणि वयाबरोबर असतात त्याही थकतात, असं त्यांनी समजावलं. साबणाचा सामू ९-१० म्हणे. साठ वर्षं त्या टणटणीत वडीने मी नडग्या घासत होतो, कोणासाठी कोण जाणे. नडगीला कधी घाम आलेला कोणी पाहिलाय?

दोन_लेकरांची_आई

आजोबा +१. नडगीचा घाम भारीच.

मला कोरफडीबद्दल बोलायचंय. कुंडीतलं पान तोडलं, उभं चिरलं आणि तसंच मुलीच्या गालावर फिरवलं. अर्ध्या तासात गाल लाल, खाजरा. आईचं काळीज, मला वाटलं कोरफडीचीच ॲलर्जी. नंतर कळलं की सालीच्या लगेच खाली पिवळसर, कडू चीक असतो, तो त्वचेला त्रास देतो. आता पान कापलं की कापलेली बाजू खाली करून पेल्यात पंधरा मिनिटं उभं ठेवते. तळाशी पिवळट-तपकिरी चीक निथळतो, वास उग्र. मग पान धुऊन, दोन्ही कडांचे काटे काढून, साल जाडसर सोलते आणि गर पुन्हा धुते. काचेसारखा स्वच्छ झाला तरच वापरते, तोही माझ्या हातावर. मुलीला नाहीच.

पण गर म्हणजे ९८-९९ टक्के पाणी, हे लक्षात ठेवा. वरून तेल नाही लावलं तर वाळून पापुद्रा धरतो आणि ओढतो.

मुलीला खरा आराम ओटने पडला. साधे ओट मिक्सरमध्ये इतके बारीक करायचे की पेलाभर पाण्यात चमचाभर टाकून ढवळलं तर पाणी दुधासारखं दिसलं पाहिजे. भुसा तळाशी बसला तर अजून फिरवा. ते पीठ पातळ सुती फडक्यात बांधून कोमट पाण्याच्या बादलीत पिळायचं. पाणी बुळबुळीत होतं, तेच हवं. पुरचुंडी अंगावरून हळूच फिरवायची, घासायची नाही. शेवटी टिपून तेल. खाज त्याच रात्री कमी झाली. एकच सांगते, न्हाणीघराची फरशी इतकी निसरडी होते की पहिल्या दिवशी मीच आपटले.

काचपात्र

ओटला जोरदार अनुमोदन. ओटमधली ॲव्हेनँथ्रमाइड नावाची द्रव्यं खाज आणि लाली कमी करतात. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २००३ साली बारीक दळलेल्या ओटला त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली. घरगुती उपायांमध्ये इतकं भक्कम पाठबळ असलेली गोष्ट क्वचितच सापडते.

पिंपळपान

बघा, निसर्गातच सगळं आहे. पेट्रोलियम जेली फासणाऱ्यांनी वाचा जरा. जमिनीतून काढलेलं काळं तेल आणि ते म्हणे ओठांना लावायचं.

तिरपागडा

पिंपळपानताई, जमिनीतून काढलेलं म्हणजे निसर्गातलंच की हो! आणि बिब्बाही नैसर्गिक, खाजकुइलीही नैसर्गिक. लावून बघताय का नडगीला?

जेलीचं पेटंट १८७२ चं, म्हणजे तुमच्या-माझ्या आज्यांपेक्षा जुनी आहे ती. झाकण म्हणून तिच्या जवळपास कुठलंही वनस्पती तेल पोचत नाही, वास नाही, रंग नाही, ॲलर्जी जवळपास शून्य. माझी पत्नी मेंढीच्या लोकरीतून काढलेलं लॅनोलिन लावायची, शुद्ध नैसर्गिक. तिला त्याचीच ॲलर्जी निघाली.

आणि युरिया. टाचांच्या मलमात असतो ना, तो आपल्या त्वचेत मुळातच असतो, पाणी धरून ठेवायला. १८ व्या शतकात मूत्रातून वेगळा काढला, १८२८ मध्ये वोलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत बनवला. रेणू तोच. आता तुम्हाला कुठला हवाय ते सांगा, नैसर्गिक की बनवलेला?

पिंपळपान

बनवलेला. :ड

पण बिब्ब्यावर येणं हा रडीचा डाव होता. मी तेल म्हटलं, तुम्ही विष काढलंत. माझं म्हणणं एवढंच की वीस नावांची चिठ्ठी असलेल्या डबीपेक्षा एका नावाची बाटली बरी. काय चावतंय ते तरी कळतं.

तिरपागडा

हे मात्र शंभर टक्के मान्य. सुगंधाचे अर्क तर नकोतच. लव्हेंडर, टी ट्री घालून 'नैसर्गिक' म्हणून विकतात आणि फुटलेल्या त्वचेला तेच चावतात.

उंबरठा

भांडण मिटलं असेल तर मलमाची कृती देते. झाकणाचं काम छान करतं आणि तीनच वस्तू.

वजनाने चार भाग तेल (मी तीन भाग सूर्यफूल, एक भाग खोबरेल घेते) आणि एक भाग मधमाश्यांचं मेण. पातेल्यात पाणी उकळायला ठेवून त्यात काचेची वाटी, वाटीत मेण किसून. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणून थेट आचेवर ठेवायची गरजच नाही, आणि ठेवूही नका. वितळलं की तेल घाला. तेल पडताच मेण पुन्हा पांढरं होऊन गुठळ्या धरतं, तेव्हा घाबरून आच वाढवू नका. दोन मिनिटं थांबलं की परत पारदर्शक होतं.

मग चमच्याची परीक्षा. चमचा आधी फ्रीजमध्ये ठेवलेला असावा. त्यावर दोन थेंब पाडले की क्षणात गोठतात. बोटाने ढकलून पाहा. थेंब न दबता बोट नुसतंच घसरलं तर तेल थोडं वाढवा, थेंब लगेच पसरला तर मेण. मग कोरड्या, अगदी कोरड्या डबीत ओता. कोकमतेल किंवा शिया (आफ्रिकेतल्या एका झाडाच्या बियांचं घट्ट तेल) घालणार असाल तर ओतल्यावर पटकन गार करा, हळूहळू थिजलं तर रवाळ होतं.

कोरड्या डबीवर जोर का? कारण एकदा मी शहाणपणा करून त्यात गुलाबपाणी आणि कोरफडीचा गर घोटला. सुंदर, पांढरंशुभ्र, हलकं क्रीम झालं. मैत्रिणींना डब्या वाटल्या. नवव्या दिवशी झाकण उघडलं तर कडेला हिरवट लव. सगळ्यांना फोन करून 'फेकून द्या' सांगताना जी नामुष्की झाली! पाणी आलं की बुरशी-जंतू आले, त्यांना टिकाऊ द्रव्य लागतं. ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घालतात ती तेल खवट होऊ नये म्हणून, जंतूंवर तिचा काही इलाज नाही.

गोधडी

उंबरठाताई, काल रात्री करून पाहिलं. मेण वाटीला, चमच्याला, ओट्याला आणि मांजराला लागलं. वाटी कशी साफ करायची?

उंबरठा

गरम असतानाच कागदाने पुसायची. पाण्याने धुऊ नका, मोरीत जाऊन गोठेल. मांजराचं मला माहीत नाही.

पांढरा_कोट

त्वचारोगांचं काम करतो. साळुंकी, तुमच्या वर्णनावरून ही साधी कोरड राहिलेली नाही, असं वाटतं. तडकलेल्या चिखलासारखी जाळी, लाली, खाज, रक्त: कोरडेपणातून होणारा इसब असा दिसतो. त्याला काही दिवस औषधी मलम लागतं आणि ते बघूनच ठरवावं लागतं. तेलं-मलमं त्यानंतर टिकवायला. एकदा दाखवून घ्या.

बाकीच्यांसाठीही. चिरेतून पाणी किंवा पू येणं, भोवती गरम लाल होणं, हे घरी थांबायचं काम नाही. पुरळ काहीच नाही आणि सगळ्या अंगाला खाज आहे, किंवा यंदाच अचानक कोरडेपणा वाढला, सोबत थकवा, वजन वाढणं, थंडी सहन न होणं, तर रक्त तपासा. थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत यांच्या तक्रारी कधीकधी त्वचेतून बोलतात.

गोधडी, टाचांचं. मधुमेह आहे का? असेल तर ब्लेड, दगड काही चालवू नका, पायांच्या डॉक्टरांकडे जा. नसेल तर रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय, टिपून घ्या, २० टक्क्यांच्या आसपास युरिया असलेलं मलम टाचेच्या कडक कडेला, वर सुती मोजे. तळपायांना तेलग्रंथीच नसतात, तेव्हा बाहेरून दिल्याशिवाय तिथे काही येत नाही. उघड्या भेगेत युरिया झोंबतो, तिथे आधी नुसती जेली. आणि तेलकट पायांनी रात्री फरशीवर चालू नका.

अजून एक, कोणी सांगत नाही म्हणून. तेल, जेली मुरलेले मोजे, चादरी आगीजवळ फार पटकन पेट घेतात. धुतल्यावरही तेलाचा अंश उरतो. हीटरवर मोजे वाळवू नका.

गोधडी

मधुमेह नाही. मोजे मात्र हीटरवरच वाळत होते. उठून काढले.

मोरपंखी

ओठांचं सांगा कोणी. उलले की जीभ फिरते आणि जीभ फिरली की अजून उलतात.

दोन_लेकरांची_आई

थुंकीतली पाचक द्रव्यं ओठांवर वाळतात आणि कातडी खातात, म्हणून ते चक्र. उंबरठाताईंचं मलम जाड थरात, दिवसातून सात-आठ वेळा. जीभ बाहेर आली की आधी मलमाची चव लागते आणि आत जाते. मधही लावून पाहिला, पण तो चाटला जातो, उलट काम.

पिंपळपान

नवीन काहीही लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून बघावं. हे मी माझ्या तेलालाही लावते, तिरपागडा यांनी नोंद घ्यावी.

साळुंकी

तीन आठवड्यांनी येतेय.

दाखवून आले. पांढरा_कोट यांचा अंदाज बरोबर, इसबच. आठ दिवस औषधी मलम, मग बंद. माती, बेसन, लिंबू सगळं सोडलं. सर्वांत जड गेलं कढत पाणी सोडणं. पहिले चार दिवस कोमट पाण्याखाली उभी राहून तुम्हा सगळ्यांना नावं ठेवली. आता आठ मिनिटांत बाहेर येते, कारण त्या पाण्यात रमण्यासारखं काही नाहीच. न्हाणीघरातच स्टुलावर बसून ओल्या पायांना सूर्यफुलाचं तेल, नडग्यांवर वरून उंबरठाताईंचं मलम, द्राक्षाएवढं, तळव्यावर चोळून पातळ करून. चोळायचं नाही, वरून खाली निथळवल्यासारखं हात फिरवायचा. रात्री पुन्हा पाय ओले करून तेच.

आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ आणलं. झोपायच्या खोलीत २६ टक्के! हीटर दोन अंश खाली आणला आणि धुतलेले कपडे रात्री तिथेच वाळत घालते, आता ३८-४० असतं. कपडे सकाळपर्यंत खडखडीत वाळतात, म्हणजे एवढं पाणी रोज रात्री ती हवा माझ्याकडून मागत होती.

उजवी नडगी गुळगुळीत आहे. डाव्या घोट्याच्या वर दोन बोटं जागा अजून खरबरीत, तिथे मोज्याचं रबर घासतं असा संशय आहे. काल नखाने रेघ ओढून पाहिली. उमटली नाही. जरासं वाईट वाटलं, फुल्लीगोळ्याची पाटी गेली म्हणून.

निवृत्त_माणूस

मोज्याचं रबर हेच कारण. सैल मोजे घ्या, किंवा उलटे घाला, शिवण बाहेर येते.

गोधडी

टाचा: पाकीट आता आत जात नाही. पोस्टकार्ड जातं. मांजर तुकतुकीत झालंय.

मोरपंखी

थंडीत डोक्यात कोंडा होतो त्यावर पण हेच तेल चालेल का?

काचपात्र

नाही, तिथे तेलाने बहुतेक वेळा वाढतो. कोंड्यातली बुरशी तेलावरच जगते. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे मिसळलं तर साळुंकींच्या नडग्या आणि तुमचं डोकं दोन्ही गोंधळात पडतील.